खांद्यावरचे दोन स्टार

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्याच्या समितीने मला फोन करून सांगितलं, की घरोघरच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन लावायचं आहे आणि स्कॅनिंग तुझ्याकडे. मीच का, म्हणून विचारलं तर उत्तर आलं, "तू कम्प्युटरवाली ना!" वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली की प्रिंटर दुरुस्तीपासून मोबाइलमधले फोटो परत मिळवण्यापर्यंत सगळं आपल्याला येतं, असं नातेवाईक आणि वर्गमित्र दोघंही धरून चालतात. असो. फोटो येऊ लागले. मला वाटलं होतं, सहलीचे, स्नेहसंमेलनाचे, फार तर कुणाच्या काकाच्या लग्नातले येतील. आले ते निम्म्याहून जास्त वर्दीतले. तसं नवल नाही. आपला सातारा जिल्हा. इथल्या अपशिंगे गावाला तर लोक 'अपशिंगे मिलिटरी' असंच म्हणतात.

स्कॅन करायला काहीच लागत नाही. अडतं ते खाली दोन ओळी लिहिताना, नाव आणि हुद्दा. नाव घरचे सांगतात. हुद्दाही सांगतात. पण फोटोतली वर्दी कधी कधी वेगळंच सांगत असते. या तीन महिन्यांत मी ज्या वर्दीशास्त्रात डोकं घातलं, ते आज तुमच्यापुढे ठेवते. समितीने वीस मिनिटं दिली आहेत आणि बाई घड्याळाकडे बघतायत, हे मला इथून दिसतंय.

आपल्या वर्गातला एक मित्र त्याच्या पणजोबांचा फोटो घेऊन आला. नाव सांगत नाही, तिसऱ्या रांगेत बसलाय. स्टुडिओतला फोटो, मागे रंगवलेला पडदा, डोक्याला फेटा, मिशा अशा की आज कुणाला जमणार नाहीत. दोन्ही खांद्यांवर दोन-दोन स्टार. मी विचारलं, खाली काय लिहू? म्हणाला, "कॅप्टन लिही. आमच्यात सगळे त्यांना कॅप्टन आजोबाच म्हणतात."

आता दोन स्टार म्हणजे कॅप्टन का? आज नाही. आज लेफ्टनंटला दोन आणि कॅप्टनला तीन. पण आमच्या धंद्यात एक सवय लागते. टेबलात नुसतं '2' लिहिलेलं दिसलं, तर आधी विचारायचं, कुठल्या सालचं टेबल? कारण ब्रिटिश सैन्यात 1880 पासून 1902 पर्यंत कॅप्टनला दोनच स्टार होते. लेफ्टनंटला एक, आणि सेकंड लेफ्टनंटचा खांदा रिकामा. 1902 मध्ये सगळ्यांना एकेक स्टार वाढवून दिला. बढती कुणालाच नाही, फक्त स्टार वाढले. म्हणजे 1900 च्या फोटोतला दोन स्टारवाला कॅप्टन असतो आणि 1910 च्या फोटोतला लेफ्टनंट. त्याही आधी, 1880 पूर्वी, ही चिन्हं खांद्यावर नव्हतीच. ती कॉलरवर असायची, आणि तिथे तोच एक स्टार कॉलरच्या किनारीच्या फरकाने मेजरलाही होता आणि सगळ्यात खालच्या अधिकाऱ्यालाही.

म्हणजे मित्राच्या घरचं बरोबर असायला एक फट होती. फोटो 1902 च्या आधीचा असला तर? म्हणून मी फोटो मोठा करून पाहिला. खांद्याच्या पट्टीच्या टोकाला पितळी आकडा होता, 117. इथे माझ्यातला इंजिनिअर खूश झाला. ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी सैन्यात मुंबई, मद्रास, बंगाल असे वेगवेगळे भाग होते आणि प्रत्येकाचे पलटणींचे क्रमांक एकपासून सुरू व्हायचे. 1903 मध्ये लॉर्ड किचनरने सगळ्यांची एकच यादी केली. आता 17 नंबरची पलटण तीन ठिकाणी कशी ठेवायची? मग मद्रासच्या क्रमांकांत 60 मिळवले आणि मुंबईच्या क्रमांकांत 100. दोन डेटाबेस एकत्र करताना आम्ही आजही हेच करतो. त्यामुळे मुंबईची सतरावी पलटण झाली 117 मराठा, तिसरी झाली 103, पाचवी 105, दहावी 110. पुढे 1922 मध्ये पुन्हा फेररचना झाली, यातल्या बहुतेक पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियन झाल्या आणि हे तीन आकडी क्रमांक गेले. तेव्हा खांद्यावर 117 असलेला फोटो 1903 ते 1922 या वीस वर्षांतलाच असणार. दोन स्टारवाल्या कॅप्टनचा जमाना तेव्हा संपलेला होता.

मग लेफ्टनंट? तेही नाही. आणि हे 'नाही' मला मित्राला सांगायचं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

त्या काळी त्या सैन्यात अधिकारी दोन प्रकारचे होते. एक, राजाचं कमिशन घेतलेले. लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर असे. लष्करी डॉक्टर सोडले तर यात 1917 पर्यंत भारतीय माणसाला जागाच नव्हती. दुसरे, व्हाइसरॉयचं कमिशन असलेले. जमादार, सुभेदार आणि सुभेदार-मेजर. हे सगळे भारतीय आणि बहुतेक सगळे शिपाई म्हणून भरती होऊन वर आलेले. 1858 पर्यंत सुभेदाराच्या खांद्यावर सोनेरी झालर असायची, नंतर आडव्या-तिडव्या दोन तलवारींचं चिन्ह आलं. 1900 नंतर मात्र त्यालाही गोऱ्या अधिकाऱ्यासारखे स्टार दिले. जमादाराला एक, सुभेदाराला दोन.

स्टार तोच होता. त्याच कारखान्यातला म्हणा ना. 'ऑर्डर ऑफ द बाथ' या ब्रिटिश सन्मानचिन्हाचा चौकोनी दिसणारा तारा, मध्ये बारीक लॅटिन अक्षरं. पण इंग्लंडहून काल उतरलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराच्या खांद्यावर एक स्टार असला, तरी तो पंचवीस वर्षं नोकरी केलेल्या सुभेदार-मेजरचा वरिष्ठ. सुभेदाराचा हुकूम आपल्या पलटणीतल्या भारतीय जवानांवर चालायचा, गोऱ्या शिपायावर नाही. पहिल्या महायुद्धानंतर तर सुभेदार-जमादारांच्या स्टारखाली लाल-पिवळी-लाल फीत आली. लांबून बघणाऱ्याचा गैरसमज व्हायला नको!

ही फीत तुम्हाला अनोळखी वाटत असेल, तर गावातल्या पोलीस ठाण्यात जाऊन या. इन्स्पेक्टरसाहेबांच्या खांद्यावर तीन स्टार आणि त्याखाली लाल-निळी फीत असते. डीवायएसपींच्या खांद्यावरही तीनच स्टार, पण फीत नसते. सगळा अधिकार त्या दोन बोटांच्या फितीत आहे. खात्यातले आपले दोन वर्गमित्र इथे बसलेत, त्यांना या फितीचं वजन माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

तर मित्राला मी फोन करून सांगितलं, की फोटोतली वर्दी सुभेदाराची आहे. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे कॅप्टन नव्हतेच? आमच्या घराच्या दारावर पाटी आहे गं." मला वाईट वाटलं, पण तेवढ्यावर फोन ठेवण्यासारखी गोष्ट नव्हती. कारण आणखी एक शक्यता होती. निवृत्तीच्या सुमाराला निवडक सुभेदारांना मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन करण्याची पद्धत तेव्हाही होती आणि आजही आहे. आपल्याकडे 26 जानेवारीला आणि 15 ऑगस्टला अशी यादी निघते. तेव्हा फोटोच्या दिवशी ते सुभेदार होते, एवढंच फोटो सांगतो. नंतरचं कागदाने सांगायला हवं. मित्राच्या आत्याकडे पत्र्याच्या डब्यात पेन्शनचा कागद निघाला. त्यावरही सुभेदारच आहे.

हे मी इथे त्याच्या परवानगीने सांगतेय. आणि त्याला जे फोनवर सांगितलं, तेही सांगते. कॅप्टन होणं हे तेव्हा त्यांच्या हातात नव्हतं. कितीही शौर्य केलं असतं तरी ते दार बंद होतं. जे दार उघडं होतं, त्यातून ते शिपाई, लान्सनाईक, नाईक, हवालदार, जमादार असे एकेक पायरी चढत सुभेदारापर्यंत गेले. गोऱ्या अधिकाऱ्याला मराठी जेमतेम यायची. पलटणीतल्या पोरांची भांडणं, घरची पत्रं, रजा, कुणाच्या बैलाचा खटला, हे सगळं बघायचं सुभेदाराने. 117 मराठा, 103 आणि 110 या आपल्या पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर कूत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या होत्या. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916. शेवटी अन्न संपलं आणि शरण जावं लागलं. पुष्कळ जण पुढे तुर्कांच्या कैदेत वारले. मित्राचे पणजोबा तिथे होते का, हे त्या कागदावरून ठरत नाही, म्हणून तसं मी फोटोखाली लिहिलेलं नाही. पण असल्या ठिकाणी गोरे अधिकारी मेले किंवा आजारी पडले की माणसं सांभाळायची ती याच दोन स्टारवाल्यांनी.

ते बंद दार पुढे किलकिलं झालं. 1918 पासून इंग्लंडच्या सँडहर्स्टमध्ये वर्षाला दहा भारतीय मुलांना जागा मिळू लागल्या. कोल्हापूरकडचे थोरात, पुढे लेफ्टनंट जनरल झालेले एस. पी. पी. थोरात, हे सँडहर्स्टचेच. गंमत म्हणजे असे भारतीय अधिकारी सगळीकडे पसरायला नकोत म्हणून 1923 मध्ये आठ पलटणी निवडल्या आणि त्यांना फक्त तिथेच नेमायचं ठरवलं. म्हणजे भारतीय अधिकाऱ्याच्या हाताखाली गोरा अधिकारी यायची वेळच नको. त्या आठांत आपली 117 मराठा होती, तिच्या नव्या नावाने. 1932 मध्ये डेहराडूनची अकादमी सुरू झाली, पहिल्या तुकडीत चाळीस जण, त्यात माणेकशा. ज्या पलटणीत पणजोबा सुभेदार म्हणून थांबले, तिथेच काही वर्षांनी बिनफितीचे स्टार लावलेला भारतीय तरुण आला. मला हा भाग वाचताना राग आला होता. अजूनही थोडा आहे.

आता जरा हलकं. बाहीवरच्या फितींनी मला जास्त छळलं. व्हीच्या आकाराच्या फिती 1802 मध्ये ब्रिटिश सैन्यात आल्या. आपल्याकडे दंडावर एक फीत लान्सनाईक, दोन नाईक, तीन हवालदार, आणि टोक खाली. हे आपल्याला पोलिसांमुळे माहीत आहे. पण एका मैत्रिणीने आणलेल्या फोटोत दंड मोकळा आणि डाव्या हाताच्या मनगटाजवळ एक फीत, टोक वर. घरचे म्हणतात लान्सनाईक. ती हुद्द्याची फीत नाही. ती चांगल्या वर्तणुकीची. ठरावीक वर्षं शिपायाच्या नावावर शेरा पडला नाही की ती मिळायची. आपल्या वर्गात किती जणांना मिळाली असती, हे सर सांगतील.

पहिल्या महायुद्धात मनगटाची जागा आणखी भरली. 1916 पासून जखमी झालेल्याला डाव्या बाहीवर एक उभी, बोटाएवढी धातूची पट्टी. जितक्या वेळा जखमी, तितक्या पट्ट्या. युद्धाच्या शेवटी शेवटी उजव्या मनगटावर छोट्या फिती आल्या, परदेशात काढलेल्या काळाच्या. 1914 मध्ये गेलेल्याची पहिली लाल, बाकीच्या निळ्या. काळ्या-पांढऱ्या फोटोत लाल आणि निळं दोन्ही राखाडीच. तरी एवढं कळलं, की एकाच माणसाच्या दोन बाह्यांवर तो कुठल्या हुद्द्यावर होता, किती शहाणा होता, किती दिवस घराबाहेर होता आणि किती वेळा गोळी खाल्ली, हे सगळं शिवलेलं असायचं. घरच्यांना मात्र यातलं फक्त 'आजोबा मिलिटरीत होते' एवढंच माहीत.

गोऱ्या अधिकाऱ्यांचंही तेव्हा एक झालं. 1902 नंतर फ्रान्समध्ये घालायच्या लोकरी कोटावर त्यांचे स्टार मनगटाला, चांगले ठळक काठ लावून होते. जर्मन नेमबाजाला अधिकारी कोण हे लांबून कळायचं. म्हणून लोक आपापल्या हिशोबाने स्टार खांद्यावर हलवायला लागले, आणि त्यांना पळपुटे म्हणून हिणवणारेही निघाले. शेवटी 1920 च्या सुमाराला सगळ्यांचेच खांद्यावर गेले.

न्यू जर्सीहून आलेल्या मंडळींसाठी एक सूचना. तिकडच्या सिनेमातलं ज्ञान इथे वापरू नका. अमेरिकन सैन्यात फितींचं टोक वर असतं, आणि तिथे सोनेरी पट्टीवाला सेकंड लेफ्टनंट चंदेरी पट्टीवाल्या फर्स्ट लेफ्टनंटपेक्षा धाकटा. सोनं चांदीपेक्षा स्वस्त, असा एकच देश. आपल्याकडे एनसीसीतही थोडा घोळ आहेच. आम्ही मुली एनसीसीत होतो तेव्हा तीन फितीवालीला सार्जंट म्हणायचो. त्याच तीन फिती लावून आम्हाला कवायत शिकवायला येणारे मात्र हवालदार.

हवालदार हा शब्द तरी कुठे एका जागी राहिला? सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या पायदळाची रचना दिली आहे. दहा माणसांमागे एक नाईक आणि पाच नाइकांवर एक हवालदार. म्हणजे पन्नासेक माणसं. आजचा हवालदार साधारण दहा जणांची तुकडी सांभाळतो. जमादार हा शब्द तर बोलीत कुठल्या कुठे गेला. आपल्या सैन्यात 1965 मध्ये जमादाराचा नायब सुभेदार झाला. हुद्दा तोच, खांद्यावर एक स्टार आणि फीत तीच. तेव्हा 1965 पूर्वी निवृत्त झालेल्या कुणाच्या कागदावर 'जमादार' असेल तर लाजून खोडू नका. एका घरी तसं खोडलेलं मी पाहिलं. निळ्या पेनने.

घरी कपाटात फोटो असतील तर एक सोपी खूण सांगते. भिंग घ्या आणि स्टारच बघा. चार टोकांचा, चौकोनासारखा दिसला तर तो बाथचा, म्हणजे प्रजासत्ताकाच्या आधीचा. पाच टोकांचा असेल तर नंतरचा. 26 जानेवारी 1950 ला मुकुट जाऊन त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले आणि स्टारही बदलला. व्हाइसरॉयच नाही म्हटल्यावर त्यांचं कमिशनही गेलं, सुभेदार वगैरे आता ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर झाले. सुभेदार-मेजरच्या मुकुटाच्या जागी सिंह आले, स्टारखालची फीत मात्र राहिली. आणि रायफल रेजिमेंटचा फोटो असेल तर स्टार शोधताना डोळे दुखतील, कारण त्यांचे काळे असतात. नाही दिसले म्हणून शिपाई लिहून टाकू नका.

मित्राच्या फोटोखाली काय लिहिलं, ते बाहेर बघालच. 'सुभेदार, 117 मराठा, 1903 ते 1922 च्या दरम्यान.' घराच्या दारावरच्या पाटीचं काय करायचं ते त्याचं तो ठरवेल. मी त्यात पडणार नाही. लोक चाळीस-पन्नास वर्षं ज्यांना प्रेमाने कॅप्टन आजोबा म्हणाले, त्यांना उद्यापासून सुभेदार आजोबा म्हणा, असं सांगायला मी कोण? प्रदर्शनातली ओळ मात्र वर्दीला धरून राहील.

फोटो क्रमांक 14 ची ओळ अजून कोरी आहे. सहा जवान, मागे खजुराची झाडं. उजवीकडून दुसऱ्याच्या डाव्या बाहीवर दोन उभ्या पट्ट्या आहेत. फोटो कुणी आणून दिला, ते पाकिटावर लिहायचं राहिलंय, आणि पाठीमागे मोडीत तीन शब्द आहेत. इतिहासाच्या सरांना मोडी येते, हे मला आठवतंय, म्हणून सर, जेवणानंतर पाच मिनिटं मला हवी आहेत. बाकीच्यांनीही तो चेहरा एकदा बघा. दारातून बाहेर पडलं की डावीकडच्या टेबलावर आहे, भिंग शेजारीच ठेवलंय. फोटोला बोटं लावू नका.